भाचा शेततळ्यात बुडाला होता, व्हेंटिलेटरवर आहे. माहिती हवी आहे

ताईचा मुलगा, वय 11. परवा दुपारी शेततळ्यात पडला. त्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, धरायला काही नसतं. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. वस्तीवरच्या आशाताईंनी तोंडाने श्वास दिला, छाती दाबली, 108 येईपर्यंत थांबल्या नाहीत. किती मिनिटं पाण्यात होता, कुणालाच नक्की सांगता येत नाही.

आता जिल्ह्याच्या गावी मुलांच्या आयसीयूत आहे. झोपेचं औषध चालू आहे. मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन 60 टक्क्यांवरून 45 वर आणलाय. डॉक्टर म्हणतात फुप्फुसं सुधारतायत, मेंदूचं आत्ताच सांगता येणार नाही.

दाजी सारखं विचारतात, छातीतलं पाणी ओढून का काढत नाहीत? अँटिबायोटिकही लावलेलं नाही. त्यात काल भेटायला आलेले कुणी म्हणाले, 'तेव्हाच पोट दाबून पाणी काढायला हवं होतं.' तेव्हापासून ताई जेवली नाही. तिला काय सांगू?

प्रतिसाद

मी मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. आधी ताईंना सांगा, पोट दाबलं नाही तेच बरं झालं. उलटी होऊन श्वासनलिकेत गेली असती. बुडालेल्याला सगळ्यात आधी श्वास लागतो, आणि तो त्याला तिथेच मिळाला.

ओढून काढण्याइतकं पाणी फुप्फुसात साठून राहत नाही, बरंचसं शरीर शोषून घेतं. पाण्याने धुतला जातो तो वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, आतला थर, सर्फॅक्टंट. तो गेला की कोश मिटतात. म्हणून व्हेंटिलेटर श्वास सोडतानाही थोडा दाब राखून त्यांना उघडं धरतो. थर पुन्हा तयार व्हायला काही दिवस लागतात. पाणी फार घाण नसेल तर संसर्गाची चिन्हं दिसेपर्यंत अँटिबायोटिक सहसा देत नाहीत.

मेंदूसाठी आता जपायचं ते ताप, झटके, साखर आणि रक्तदाब. पहिल्या 72 तासांत कुणीही ठाम काही सांगितलं, चांगलं किंवा वाईट, तर ते धरून बसू नका. डॉक्टरांना एवढं विचारा: डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, मधेमधे स्वतःचा श्वास घेतो का, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) कधी करणार.

आणि ताईंना आत जाऊ द्या. हात धरून, घरी ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने बोलू दे.

धागाकर्ता

ताईला वाचून दाखवलं. दोन घास खाल्ले तिने. सकाळी नळीतून कफ ओढताना त्याला खोकला आला म्हणे. हे चांगलं ना?

प्रतिसाद

हो, चांगलं आहे. झोपेचं औषध चालू असतानाही खोकला आला, हे डॉक्टरांनी नोंदवलंच असेल, तरी राउंडला विचारा. उद्या औषध कमी केलं की काय होतं ते इथे लिहा, मी बघते.