एअरलॉक गप्प म्हणजे बियर अडकली असं नाही
थांबा, घरी बनवताय त्या बियरमध्ये दुसरं यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारं खमीर) लगेच टाकू नका हो. तुम्ही म्हणताय एअरलॉकमधले (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे बंद झालेत आणि रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र) १२.४ ब्रिक्सवरून (हे साखरेचं माप) ६.५ वर येऊन अडकलाय, पण मला तरी ही बियर अडकलेली, म्हणजे आंबणं अर्ध्यातच थांबलेली, वाटत नाही. रिफ्रॅक्टोमीटरचे आकडे साखरेच्या पाण्यासाठी असतात, अल्कोहोल तयार झालं की तो चढवूनच दाखवतो, तुमच्या ६.५ चा हिशोब लावला तर खरी ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०१३ च्या आसपास येते, म्हणजे आंबण्याचं काम जवळजवळ झालंय! साधा काचेचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारं साधन) घ्या, त्यावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे तो ज्या तापमानाला बरोबर मोजतो ते, तापमान छापलेलं असतं, सॅम्पल तेवढ्या तापमानावर येऊ द्या, आणि नळीत सोडल्यावर त्याला बोटांनी गर्रकन फिरवा, गॅसचे बारीक बुडबुडे काचेला चिकटून त्याला वर उचलतात ना. बादलीच्या झाकणाची रबरी रिंग पण बघा, ती नीट बसली नसेल तर गॅस तिथूनच निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. बाटल्या भरायची घाई मात्र अजिबात नको, दोन-तीन दिवसांच्या अंतराने रीडिंग सारखंच आलं तरच भरा, साखर शिल्लक राहिली तर आत गॅस साठून बाटली फुटून काच डोळ्यात जाऊ शकते, हे अगदी कळकळीने सांगतोय.