हस्तिदंती रंजकदाणी: वापरायची की मिरवायची?

तोडेदार:
मुघलांच्या १७व्या शतकातल्या कोरीव हस्तिदंती रंजकदाण्या 'शोभेची वस्तू' म्हणून निकालात काढतात, ते पटत नाही. तोड्याच्या, म्हणजे धुमसत्या दोरीने पेटणाऱ्या बंदुकीत आधी नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासणी, आणि शेवटी बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीत आग जाणाऱ्या छिद्राजवळच्या प्याल्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. ही वीतभर डबी फक्त त्या चिमटीसाठी. तोंडाला बहुधा हरणाचं मुस्कट, कारण ते निमुळतं, आयतं नळकं. त्यावर स्प्रिंगची टोपी: अंगठ्याने दाबा, उघडते, सोडा, मिटते. एका हातात बंदूक आणि पेटता तोडा असताना आणखी काय हवं?

गंजकी कट्यार:
टोपी झकास, मान्य. पण हस्तिदंत रानावनातला माल नव्हे. पावसाळ्यात ओल ओढतो, उन्हाळ्यात आक्रसतो, चीर बहुधा दाताच्या लांबीने जाते. तिथेच लोखंडी खिळा असला तर गंज फुगून ती आणखी फाकवतो. मग रंजक दमट होते, नुसती फुरफुरते, बार उडत नाही. रोजच्या वापराला चामडं, शिंग, लाकूड होतंच की.

तोडेदार:
शिंगही ओल ओढतं. कोरीवकाम जवळून बघा: हरणाची शिंगं मानेला चिकटलेली, कान मागे दुमडलेले, पाय पोटाखाली. एका जनावरातून दुसरं निघतं, पण बाह्यरेषेबाहेर काही डोकावत नाही. मोकळी शिंगं कमरेला लटकून पहिल्याच दिवशी मोडली असती.

गंजकी कट्यार:
किंवा दाताची जाडीच तेवढी! बाहेर काढायला माल उरतो कुठे? आणि इतकी बारीक नक्षी अजून ताजी कशी, हाताळून गुळगुळीत का नाही?

जुना तोशाखाना:
कारण जपल्या त्याच टिकल्या. रानात फुटलेल्या कोण ठेवणार? झीज शोधायची तर नक्षीवर नको, टोपीच्या दांडीखाली, अंगठा टेकतो तिथे शोधा. मात्र आत जुनी दारू असेल तर धातूने खरवडू नका, नळकं धुऊ नका: पाण्याने चिरा वाढतात, तेलाने डाग पडतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के स्थिर ठेवा. हाड की दात, हे बघायला तापलेली सुई टोचू नका, कायमचा डाग पडतो. भिंग घ्या: हत्तीच्या दातात आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक काळे ठिपके.

गंजकी कट्यार:
अंगठ्याच्या जागेचं बघतो. पण टोपीचा स्प्रिंग नंतर बदललेला असेल, तर ती झीज कुठल्या काळची हे कसं ठरवणार?