मदत हवी आहे: बोकडाच्या हृदयातली द्विदल झडप पाण्याने मिटत नाही

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांना झडपांचं काम दाखवायला बोकडाचं हृदय वापरतोय. महाधमनीची झडप छान चालते: वरून पाणी ओतलं की तिन्ही पडदे फुगून एकमेकांना टेकतात. पातळी हळूहळू उतरते, पण ते पाणी झडपेच्या लगेच वर असलेल्या हृदयधमन्यांच्या तोंडांतून जातं, झडप गळते म्हणून नव्हे.

अडतंय द्विदल झडपेशी, म्हणजे डावं अलिंद (वरचा कप्पा) नि डावं निलय (खालचा कप्पा) यांच्यामधल्या दोन पडद्यांच्या झडपेशी. डावं अलिंद उघडं कापतो, महाधमनीतून नळी डाव्या निलयात सरकवतो आणि ५० मिलीच्या सिरिंजने पाणी सोडतो. दोन्ही पडदे उचलले जातात, पण मधे फट राहते नि पाणी उसळून अलिंदात येतं. गुठळ्या धुऊन काढल्यात, पडद्यांना धरणारे दोरेही शाबूत आहेत.

नळीशेजारून पाणी मागे येऊन दाब कमी पडतो, की मरणोत्तर ताठरतेने निलय आक्रसल्यामुळे पडदे जुळत नाहीत? ताठरता उतरायला हृदय फ्रिजमध्ये किती वेळ ठेवता? निलयाच्या टोकाला छेद देऊन तिथून नळी घातली नि दोऱ्याने आवळली, तर भिंत टिकते का? तिथे ती फारच पातळ असते. आणि खाटकाला महाधमनी किती लांब ठेवायला सांगता? बहुतेक वेळा तो बुंध्याशीच उडवतो. फॉर्मलिन (अवयव टिकवायचं विषारी रसायन) नको, वर्गात मुलं असतात.