गणितात बी.एस्सी.: पैसे किती गेले, वर्षं किती गेली? अनुभव लिहा

लेक बारावी झाली. सीईटीला पर्सेंटाइल बरे आहेत, इंजिनिअरिंगला कुठेतरी नंबर लागेल. पण तिला गणितच करायचंय. आम्ही पाहिलेल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी वर्षाला दीड लाख, आणि इथल्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ची फी तिच्या शाळेच्या रिक्षापेक्षा कमी. दीर म्हणतात, "वहिनी, स्वस्त आहे ते उगाच नाही." उपदेश भरपूर झालाय. तुमचं काय झालं तेवढं सांगा.

सोलापूर
एम.एस्सी., सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा). पाच वर्षांत फीपोटी पन्नास हजारही गेले नसतील. खर्च त्यानंतर सुरू झाला.

नववं वर्ष आहे सीएचबीवर, म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर. शिकवाल त्या तासाचे पैसे. दिवाळी, परीक्षा, मे महिना कोरडा. गेल्या वर्षी जुलैचं बिल फेब्रुवारीत निघालं. तासांची वही स्वतः भरायची, सहीला घेऊन जायची, की तोच प्रश्न, "काय सर, अजून इथेच?" एका संस्थेत कायम जागेची मुलाखत दिली. खडू हातात घ्यायला कुणी सांगितलंच नाही. बाहेर चहाच्या टपरीवर एकाने आकडा कानात सांगितला. तुमच्या इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांची फी त्यात दोनदा भरून झाली असती.

घर चालतं ते बारावीच्या शिकवण्यांवर. म्हणजे पोरांना इंजिनिअरिंगला धाडण्यासाठी मी गणित शिकवतो!

पण खोटं कशाला बोलू? परवा वर्गात आठ जण होते. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, तिसऱ्यांदा सांगत होतो. मागच्या बाकावरची मुलगी, कधी तोंड न उघडणारी, एकदम म्हणाली, "म्हणजे सर, एप्सिलॉन समोरचा देणार, डेल्टा आपण शोधायचा. आणि तो कितीही बारका एप्सिलॉन देऊ दे." त्या दिवशी बसचे तीन स्टॉप चालतच गेलो.

बंगळूर (मूळ नांदेड)
आयएसआयमधून (भारतीय सांख्यिकी संस्था) बी.मॅथ., म्हणजे गणिताची पदवी. शिक्षण फी नाही, उलट महिन्याला स्टायपेंड. मेसचं बिल त्यातून निघायचं. पैशाची बाजू इथेच संपली.

दुसरी बाजू सांगते. बोर्डात गणिताला शंभरपैकी शंभर, आणि तिथे ॲनालिसिसच्या पहिल्या पेपरात ११. उत्तर बरोबर होतं, सिद्धता नव्हती. आपल्याकडच्या क्लासांत "हे येतं" एवढंच शिकवतात, "का येतं" हे कुणी विचारत नाही. प्रवेश परीक्षेतच एक पेपर पूर्ण लिहायचा असतो, पर्यायांवर टिक करायचा नाही. सध्या एका बँकेत जोखमीची मॉडेलं तपासते. तिथे लागते ती हीच खोड: कुणी आकडा टेबलावर ठेवला की तो कुठून आला हे विचारायचं. लोक वैतागतात.

ठाणे
बी.एस्सी. गणित, बँकेत क्लार्क, आता ऑफिसर. परीक्षेत गणिताच्या प्रश्नांनी तारलं, बाकी डिग्रीचा संबंध नाही. खंत नाही.

पुणे
ॲक्च्युअरी, म्हणजे विमा गणिती. "गणित केलंस तर ॲक्च्युअरी हो" असा सल्ला लेकीला हमखास मिळेल, म्हणून लिहितोय. डिग्रीने फक्त दोन-तीन पेपर सोपे गेले. माझ्या बॅचला कॉमर्सवाले होते, इंजिनिअरही होते. दर पेपरची फी वेगळी, नापास झालात की पुन्हा भरा. सीएम १ नावाचा पेपर तिसऱ्या खेपेला सुटला. नोकरी करत करत आठ वर्षं. लग्नाच्या आदल्या आठवड्यातसुद्धा मी पेपर देत होतो, अजून ऐकून घेतो.

कैझरस्लाउटर्न, जर्मनी
इथे सरकारी विद्यापीठात एम.एस्सी. केलं. शिक्षण फी नव्हती, सहामाहीचं किरकोळ शुल्क तेवढं. पण "जर्मनीत फुकट" म्हणणारे पुढचं सांगत नाहीत: व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ते ११,९०४ युरो आहेत. बाबांनी पीएफमधून काढले. या गावातच फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेची औद्योगिक गणिताची संस्था आहे, त्यामुळे शिकताना कामाची संधी असते. जर्मन मात्र शिका. मी टाळलं, आणि पहिल्या तीन मुलाखती तिथेच गेल्या.

नाशिक, निवृत्त शिक्षिका
बी.एस्सी.ला घातलंत तर एमटीटीएस लक्षात ठेवा. १९९३ पासून उन्हाळ्यात चालणारं गणिताचं शिबिर. माझी विद्यार्थिनी गेली होती, राहणं-जेवण मोफत. परत आली ती प्रश्न विचारत. कॉलेजातल्या सरांना ते फारसं रुचलं नाही, हे वेगळं.

पुन्हा मीच, धागा काढणारी
सगळ्यांचं लेकीला वाचून दाखवलं. सोलापूरच्या सरांचं दोनदा. नांदेडच्या ताई, तुमची ती आयएसआयची प्रवेश परीक्षा मे महिन्यातच होऊन जाते म्हणे. आम्हाला कळलं जुलैत. ती म्हणते, यंदा इथे बी.एस्सी.ला जाते आणि पुढच्या मेला ती परीक्षा देते. लागलं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. दिरांनी लगेच हिशोब केला, "म्हणजे एक वर्ष वाया." तिने विचारलं, "काका, वाया कसं, ते सिद्ध करा." ते चहा मागून बाहेर ओट्यावर जाऊन बसलेत.

ताई, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतील?