रँचवरचं काम नेमकं काय असतं

तुमची भाची अमेरिकेत सुट्टीत ख्रिस्ती संस्थेच्या घोड्यांच्या रँचवर स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतेय, आणि त्यावर इथे एकांनी ‘तिथे नुसती घोडेस्वारीची हौस’ असं लिहिलंय. तसं नसतं हो. दिवसाचा बराच वेळ लीद उचलणं, गवत टाकणं, पाणी भरणं, खरारा करणं, खुरांत अडकलेली माती काढणं यातच जातो.

ऑरेगन राज्यातल्या बेंड शहराजवळचं क्रिस्टल पीक्स यूथ रँच बघा. मीडर दांपत्याने ते १९९५ मध्ये सुरू केलं. हाल झालेले घोडे सोडवून आणायचे आणि एक मूल, एक घोडा, एक मार्गदर्शक अशी सांगड घालायची. मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. माणसाला बिचकणारा घोडा एखाद्या अबोल मुलाला जवळ येऊ देतो, यात मला या कामाचं खरं मोल वाटतं.

घोड्यांच्या मदतीने शारीरिक उपचार करणारी केंद्रं वेगळी. घोडा चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते, म्हणून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलांना तोल सावरण्याचा सराव मिळतो. तिथे एक जण घोडा धरतो आणि गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना मुलाला आधार देणारे चालतात. हे बहुतेक स्वयंसेवकच असतात. स्वारी येत नसली तरी चालतं, पण लक्ष क्षणभरही हलता कामा नये.

प्रार्थना आणि बायबलवाचन दिनक्रमात असू शकतं. काही संस्था श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे संस्थेच्या ख्रिस्ती श्रद्धा मला मान्य आहेत अशा कागदावर, सहीही मागतात. भाचीने अर्ज भरण्याआधीच हे स्पष्ट विचारावं, आणि दुखापतीच्या विम्याचंही.