कोल्हापूर महापालिकेत ३४ निवडून येऊनही काँग्रेस विरोधात कशी? आणि आमचा नगरसेवक नक्की कोण?

उत्तरेश्वरकर: जानेवारी २०२६ ला आईनं मतदान केलं आणि बाहेर येऊन विचारलं, "चार बटणं दाबली, आता यातला आपला कोण?" मला सांगता आलं नाही. नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. गटारीचं पाणी उंबऱ्याला लागलं तरी कुणाच्या दारात जायचं ते कळत नव्हतं. म्हणून या निवडणुकीची खरंच वाट बघितली. आता ८१ पैकी सगळ्यात जास्त ३४ काँग्रेसचे, तरी बहुमत महायुतीचं. हे कसं? आणि उद्या कुणी बाजू बदलली तर?

बावडेकर: भावा, आईला सांग, चौघंही तुमचेच. प्रभागातल्या अ, ब, क, ड या जागा आरक्षणापुरत्या. निवडून आल्यावर प्रत्येकाचा प्रभाग तोच, अख्खा. "ती गल्ली माझ्याकडं नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. अर्ज चौघांच्याही नावानं द्या, पोच घ्या.

बहुमताला ४१ लागतात. भाजप २६, शिंदेंची शिवसेना १५, राष्ट्रवादी ४, झाले ४५. २०१५ ला काँग्रेस २७ आणि राष्ट्रवादी १५ असे ४२ जुळले होते, ताराराणी ही स्थानिक आघाडी आणि भाजप विरोधात बसले. म्हणजे तेव्हा राष्ट्रवादीशिवाय काँग्रेसची सत्ता बसत नव्हती. आज त्यांचे चारही गेले तरी महायुतीकडं बरोबर ४१ उरतात. शिवसेना हलली तरच गणित मोडतं. आमच्या पेठांत चर्चा मात्र अजून जुन्याच हिशेबानं चालते.

राजारामपुरी ७वी गल्ली: एकट्यादुकट्याला बाजू बदलणं सोपं नाही. निकालानंतर प्रत्येक पक्षाचा गट पुण्यात विभागीय आयुक्तांकडं नोंदवला जातो. पक्षादेश मोडून मतदान केलं तर पद जाऊ शकतं. महापौरपदासाठी हात वर करून मतदान असतं, कोण कुणीकडं ते सगळ्यांसमोर दिसतं.

मला महापौरापेक्षा स्थायी समिती महत्त्वाची वाटते. मोठे ठेके तिथं मंजूर होतात. १६ सदस्य, तेही संख्याबळाच्या प्रमाणात, त्यामुळं विरोधात बसूनही काँग्रेसचे तिथं असणारच. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी आमच्याकडं अजून दिवसाआड येतं म्हणून बोलतोय. चौघांतलं कुणी स्थायीत गेलंय का ते आधी बघा, आणि गटारीचा अर्ज बजेटच्या आधी त्यांच्या हातात द्या.