घाटात तापणारी जुनी कॅम्पर व्हॅन: दोष नेमका कुठे शोधावा?

सह्यवाट:
माझ्याकडे १९९९ सालची टेम्पो ट्रॅव्हलर असून तिच्या मागच्या भागात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतलेली आहे. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाच्या घराण्यातले आहे. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो. मात्र चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढू लागलो, की निम्म्या वाटेतच तो लाल पट्टीकडे सरकतो आणि गाडी बाजूला घेईपर्यंत रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून पाणी बाहेर फेकले जाऊ लागते. एका गॅरेजमध्ये ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ असे सांगून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरचा मार्ग उघडणारी झडप) काढून टाकण्यात आला, परंतु त्यानंतर त्रास कमी न होता वाढला. आता हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

डिझेलप्रेमी:
थर्मोस्टॅट आधी परत बसवून घ्या. या इंजिनात त्याला दोन तबकड्या असतात. पाणी तापले की वरची तबकडी रेडिएटरचा मार्ग उघडते, आणि त्याच वेळी खालची तबकडी बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परतण्याचा मार्ग बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परततो, त्यामुळे घाटात त्रास वाढला यात नवल नाही. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी तापवावे आणि त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडतो का, हे डोळ्यांनी पाहावे.

हेड गॅस्केटबद्दल घाईने निर्णय घेऊ नका. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापण्याआधीच वरचा होज पाईप दगडासारखा टणक होत असेल, किंवा रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालवल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तरच संशय बळावतो. पाणी मिसळून ऑइल दुधाळ झाले आहे का, तेही पाहावे. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे.

त्या झाकणाकडेही कोणी लक्ष देत नाही. साधारण एक बार दाब धरून ठेवणारे झाकण असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण आतले रबर कडक होऊन दाब सुटू लागला, तर महाबळेश्वरच्या उंचीवर तेच पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते. झाकण स्वस्त असते, तेव्हा ते सरळ बदलून टाकावे.

गिरिभ्रमंती:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण कॅम्परच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे वजन: शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि त्यात बॅटऱ्या, प्लायवूडची कपाटे व गॅस सिलिंडर धरले तर गाडी कायम भरलेल्या अवस्थेतच घाट चढत असते. दुसरी म्हणजे हवा. जाळीसमोर जादा दिवे किंवा एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बसवला आहे का? कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत चिखल, किडे आणि गवताचे तूस यांचा थर साचतो. तो बाहेरून दिसत नाही. पंख्याचा पट्टा सैल असेल तर दुसऱ्या गिअरवरच्या संथ चढणीत पंखा पुरेसा फिरत नाही, आणि तिथे समोरून येणाऱ्या वाऱ्याचाही आधार नसतो.

सह्यवाट:
दोघांचे मनापासून आभार. थर्मोस्टॅट आणि झाकण नवे बसवले. थंड इंजिनावर होज टणक होत नाही, बुडबुडेही नाहीत. पट्टा ताणून घेतला. समोर कंडेन्सर नाही. घाटातला त्रास थोडा कमी झाला आहे, पण गेलेला नाही. इंजिन गरम असताना बंद करून रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवून पाहिला, तर मधला पट्टा चटका बसण्याइतका गरम आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी जवळजवळ थंड लागतो. पूर्वीच्या मालकाने बहुधा बोअरचे पाणीच भरले असावे, कारण झाकणाच्या आत पांढरा थर आहे.

डिझेलप्रेमी:
मग दोष सापडला असे समजा. थंड लागणाऱ्या भागातल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. सपाट रस्त्यावर उरलेल्या नळ्या भागवून नेतात, घाटात त्या कमी पडतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉड मारून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करून घ्या; नुसते रसायन टाकून धुण्याने पूर्ण बुजलेली नळी सहसा मोकळी होत नाही. कोअर (नळ्यांचा आतला गठ्ठा) फार झिजला असेल तर नवा कोअर टाकणे शहाणपणाचे.

रेडिएटर बाहेर असतानाच वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून ओघळ आलेला आहे का, म्हणजेच पंपाचे सील गळते का, हे पाहून घ्या. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे, गाडीचे तोंड चढावर ठेवावे, हीटरचा कॉक पूर्ण उघडा ठेवावा, आणि थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईल तेव्हा पुन्हा भरावे, म्हणजे आत हवा अडकून राहणार नाही. कुंभार्लीला पुन्हा जाल तेव्हा काटा वर सरकू लागताच, एसी असेल तर तो बंद करून, हीटर पूर्ण चालू करा. उकाडा होईल, पण हीटर लहान रेडिएटरसारखेच काम करतो.